थमनंतरचं पाऊल

पेन्शनीत निघालेल्या फौजीला पुन्हा पोस्टिंग येत नाही. मला आलं. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात आमचे जुने सुभेदार माने साहेब घरी आले, ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "निकम, कुवेतला माइन काढायला माणसं हवीत. येतोस?" इराकी फौज तिथून हुसकून लावली होती, पण ती मुक्कामाला असताना तिनं किनाऱ्याला जमिनीत जे पेरलं होतं ते तसंच होतं. बाहेरचे देश मदत पाठवत होते, त्या मदतीतून कंत्राटं निघत होती आणि कंत्राटदारांना पोटावर पडून वाळू टोचणारे लोक लागत होते. आम्ही सॅपर, म्हणजे फौजेतले सुरुंग काढणारे. सगळी नोकरी तेच केलेलं. बायकोनं नाक मुरडलं, पण बॅग भरून दिली.

आमचा कॅम्प मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीपासून थोडा पुढे होता. तेलविहिरी अजून जळत होत्या. वाऱ्याची दिशा बदलली की भरदुपारी गाडीचे दिवे लावावे लागत. वाळत घातलेला बनियन संध्याकाळी काळा व्हायचा. थुंकीसुद्धा काळी पडायची. पहिले काही दिवस आम्ही त्यावर कुरकुर केली, नंतर कोणी बोलेना.

काम होतं एका दवाखान्याचं. रिफायनरी आणि समुद्र यांच्या मध्ये एक बैठी इमारत होती. इराक्यांनी तिच्या अर्ध्या भागाची चौकी केली होती आणि समुद्राकडचं सगळं मैदान माइननं भरून टाकलं होतं. एका परदेशी मदत संस्थेनं तो दवाखाना पुन्हा उभा करून द्यायचं ठरवलं होतं. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना आणखी एक फोटो मिळाल्यासारखं होईल.

त्या दवाखान्यात अलका सिस्टर होत्या, मूळच्या सोलापूरच्या. इराकी असताना अर्धं शहर पळून गेलं, पण वॉर्डात पेशंट आहेत म्हणून ही बाई राहिली होती. आता रोज सकाळी कंपाउंडच्या बाहेर यायच्या आणि अजून किती दिवस लागतील असं विचारायच्या. बाळंतपणाच्या बायकांना फहाहील शहरापर्यंत जावं लागत होतं, आणि गाड्या मिळत नव्हत्या. माने साहेब दर वेळी एकच उत्तर द्यायचे, की जमीन तयार झाली की सांगतो.

आमच्या टोळीत नायक श्रीपती भोईटे होता. माण तालुक्यातला. आमच्या सेंटरमध्ये तो रंगरुटांचा ड्रिलचा उस्ताद होता आणि त्याच्या 'थम'ची सगळीकडे ख्याती होती. तुम्हा सिव्हिलियन लोकांसाठी सांगतो. चालत्या स्क्वॉडला 'थम' म्हटलं की माणूस जागच्या जागी थांबत नाही. हुकूम कानावर पडला की एक पाऊल पुढे टाकायचं, मग मागचा पाय त्याच्या शेजारी आणायचा आणि मग थांबायचं. सगळ्यांच्या टाचांचा आवाज एकच आला पाहिजे. श्रीपतीनं हे हजारो पोरांच्या पायात मुरवलं होतं. आम्ही त्याची टिंगल करायचो, की तू म्हशीला 'थम' म्हटलंस तर तीही पाऊल पुरं करून उभी राहील.

त्याचा दुसरा हट्ट होता हँडओव्हर वॉकचा. जमीन साफ करून दुसऱ्याच्या ताब्यात देताना साफ करणाऱ्यांनी आधी स्वतः तिच्यावरून चालून दाखवायचं, खांद्याला खांदा लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ही सॅपरची जुनी रीत आहे. कागदावर सही कोणीही करतो. श्रीपती म्हणायचा, "आपण सोदल्याली जमीन हाय. पैला पाय आपला पडला पायजे." त्यानं दिलेल्या जमिनीवर आजवर कोणाच्या पायाला इजा झाली नव्हती आणि याचा त्याला फार अभिमान होता.

कामाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. पोटावर पडायचं, हातात प्रॉडर, म्हणजे टोकदार सळई. ती तिरकी वाळूत घालायची, अंगठाभर पुढे सरकायचं, पुन्हा घालायची. त्या माइन प्लॅस्टिकच्या होत्या, डिटेक्टर त्यांच्यावर धड वाजत नसे. सळईला काही लागलं की बोटांनी वाळू बाजूला करायची. घाम डोळ्यात जातो, पण डोळा पुसायला हात उचलता येत नाही. आम्ही एकेक पट्टा असा साफ करत गेलो आणि हद्दीला लाल रंगाचे खुंट ठोकत गेलो. खुंटाच्या आत साफ, बाहेर मरण.

उत्तरेच्या कोपऱ्यात अडचण आली. वाऱ्यानं तिथं वाळूचा मोठा ढिगारा आणून टाकला होता, म्हैस बसावी तसा. आम्ही त्याला म्हैसच म्हणायचो. म्हशीच्या खाली माइन होत्या यात शंका नव्हती, कारण दोन्ही बाजूंना त्यांची रांग निघाली होती. पण वर एवढी वाळू, की सळई पोचेना. एवढ्या खोल गेलेली माइन माणसाच्या वजनानं फुटतही नाही, आणि काढताही येत नाही. माने साहेबांनी सांगितलं, हा कोपरा सोडा, याला चिलखती मशीन लागेल, मागवू. मग आमच्या खुंटांची रांग म्हशीला वळसा घालून आत वाकली. तो पट्टा श्रीपतीचा होता. त्यानं स्वतः तिथले खुंट ठोकले आणि प्रत्येक खुंट हलवून बघितला.

मदत संस्थेचा एक माणूस साइटवर असायचा, केलर म्हणून. पाहुणे, फोटो, झेंडे हे त्याचं खातं. वाईट माणूस नव्हता असं म्हणायला मला आवडलं असतं. त्यानं उद्घाटनाचा दिवस ठरवून टाकला होता आणि देशोदेशीचे पाहुणे यायचे होते. एक दिवस तो मैदानावर आला, डोळे बारीक करून बघितलं आणि माने साहेबांना म्हणाला, तुमची रांग वाकडी आहे, फोटोत वाईट दिसेल.

माने साहेब शांतपणे म्हणाले, "ती वाकडी आहे म्हणून आम्ही उभे आहोत."

केलर हसला. त्याला तो विनोद वाटला असावा. मग त्यानं हँडओव्हर वॉकबद्दल विचारलं, कारण ते त्याला फार आवडलं होतं. पाहुण्यांसमोर तुम्ही सगळे एका ओळीत चालत या, समुद्राकडून मंडपाकडे, असा त्याचा बेत. श्रीपती खूश झाला. आमच्याकडून त्यानं दोन दिवस कॅम्पच्या आवारात ड्रिल करून घेतली. पोटं सुटलेले, गुडघे धरलेले आम्ही सगळे, आणि हा कडक आवाजात 'दाहिने सज', म्हणजे उजवीकडे बघून ओळ सरळ करा, असं म्हणतोय. हसून हसून पुरेवाट झाली, पण दुसऱ्या दिवशी रांग सरळ झाली होती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे खुंट तपासायला जाणार होतो. रोजचा नियमच होता. गेटवर बंदोबस्तवाल्यांनी अडवलं. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी मैदान बंद, फक्त बिल्ला असलेल्यांना प्रवेश. आमच्याकडे बिल्ले नव्हते. माने साहेब भांडले, केलरला निरोप पाठवला. निरोप परत आला की सगळं ठीक आहे, वेळेवर बसनं या. मग बंदोबस्तवाल्यांनी माने साहेबांना एक बिल्ला दिला आणि मंडपात पाहुण्यांच्या मागे बसायला सांगितलं, काही विचारलं तर उत्तर द्यायला.

आमची बस हसनमियाँ चालवायचे. रत्नागिरीकडचे, कुवेतमध्ये जन्म काढलेला माणूस. त्यांनी आम्हाला समुद्राच्या बाजूनं, जिथून चालायचं होतं तिथं उतरवलं. समोर मैदान, पलीकडे पांढरा मंडप, दोन्ही कडेला पांढऱ्या काठ्यांवर देशोदेशीचे छोटे झेंडे फडफडत होते. लाल खुंट दिसत नव्हते. आम्हाला वाटलं, झेंड्यांच्या मागे झाकले गेले असतील.

आम्ही ओळीत उभे राहिलो. श्रीपती राइट मार्कर, म्हणजे उजवीकडचा शेवटचा, उत्तरेच्या बाजूला. त्याच्याकडे बघून सगळी ओळ सरळ व्हायची. त्याच्या डावीकडे मी. त्यानं 'दाहिने सज' दिला, मग 'सामने देख', मग 'धीरे चल'.

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. माइनच्या जमिनीवर सॅपर खाली बघून चालतो. पेन्शनीतला असला तरी. पण समोर मंडप होता, कॅमेरे होते, खुर्च्यांवर मोठी माणसं होती, आणि एका ओळीत चालायचा हुकूम होता. छाती आपोआप पुढे आली. नजर समोर गेली. आमच्यातला एकही जण खाली बघत नव्हता. सिव्हिलियन असतो तर बघितलं असतं.

मैदान निम्म्याहून जास्त संपलं तेव्हा श्रीपती ओठ न हलवता पुटपुटला. परेडमध्ये बोलायचं नसतं, आणि तो कधी बोलत नसे.

"निकमभाऊ, म्हस कुटं गेली?"

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. म्हैस नव्हती. उत्तरेचा कोपरा सपाट होता, रोलर फिरवल्यासारखा, आणि झेंड्यांची रांग तिथून सरळ पुढे गेली होती. अजिबात वाकडी नव्हती. त्याच क्षणी मंडपात माने साहेब खुर्चीवरून उठलेले दिसले. त्यांनाही तेच दिसलं होतं. ते ओरडले.

"थम!"

ओळीनं हुकूम पाळला. सगळ्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. श्रीपतीनंही टाकलं.

आवाज फार मोठा नव्हता. अशी माइन एका पायापुरती असते. मी पडलो, तोंडात वाळू गेली, उजव्या दंडातून रक्त येत होतं पण हात हलत होता. श्रीपती माझ्यापासून दोन हातांवर उताणा पडला होता आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मंडपात खुर्च्या पडल्या, किंचाळ्या ऐकू आल्या. आमच्यातला कोणी हलला नाही. प्रत्येक जण त्याच पावलावर उभा राहिला.

मी त्याच्याकडे सरकायला लागलो तसा तो ओरडला. आवाज उस्तादाचाच होता.

"घाई करू नगा. टोचत या."

दोन हात जमीन. पाय लांबवला तर टेकेल एवढी. हसनमियाँनी बसमधून प्रॉडर आणून आमच्याच पावलांच्या ठशांवरून एकेकाच्या हातून पुढे दिले. मी आणि मंडपाकडून माने साहेब, दोघंही पोटावर पडून टोचत त्याच्याकडे निघालो. मध्ये मला आणखी एक माइन लागली. वरवर होती, एका बोटाच्या खोलीवर. मी ती मोकळी करेपर्यंत श्रीपती माझ्या हातांकडे बघत होता. एकदा म्हणाला, "सळईचा कोन चुकतुय, भाऊ, आडवा धर." मी सळई आडवी धरली. त्याच्याजवळ पोचलो तेव्हा त्याच्याखालची वाळू रक्तानं घट्ट झाली होती.

पट्ट्यानं मांडी आवळून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. अलका सिस्टर दारातच होत्या. त्यांनी फरशीवर चादर टाकली आणि सलाइन आणायला आत धावल्या. नवी काचेची कपाटं होती, मदतीच्या शिक्क्यांचे खोके त्यात नीट रचलेले, आणि कपाटांना कुलपं. किल्ल्या केलरकडे होत्या, कारण पाहुण्यांच्या हस्ते उघडायची होती. सिस्टरनी स्टुलानं काच फोडली. खोका उचलला, तो हलका होता. दुसरा उचलला. मग त्यांनी सगळेच खाली ओढले. सगळे रिकामे होते. औषधं अजून शुऐबाच्या बंदरात अडकली होती आणि फोटोपुरते खोके मांडून ठेवले होते.

सिस्टर त्या काचांमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सात महिने इराकी होते. त्यांनी चोरलं, पण असं नाही केलं."

श्रीपतीचं तोंड कोरडं पडलं होतं. सिस्टर ओल्या बोळ्यानं ओठ पुसत राहिल्या. अँब्युलन्स फहाहीलहून येत होती. पाहुण्यांना इमारतीच्या पलीकडच्या बाजूला, रस्त्याच्या गेटवर नेलं होतं. फीत तिकडे बांधून घेतली होती, कारण तेवढे पाहुणे पुन्हा एकत्र येणार नव्हते. श्रीपती गेला तेव्हा भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू येत होत्या. मी हे वाढवून लिहीत नाही. माने साहेबांनीही त्या ऐकल्या.

नंतर उलगडा झाला. आदल्या दिवशी मंडपवाल्यांना केलरनं सांगितलं होतं की लाल खुंट काढा, कोपरा सपाट करा, झेंडे सरळ रेषेत लावा. त्यांनी बकेटचं मशीन आणून म्हैस उचलून नेली. ते मशीन त्या कोपऱ्यातून जिवंत बाहेर आलं हे नशीब, पण त्यानं वरची सगळी वाळू काढली आणि खोल गेलेल्या माइन पुन्हा पायाखाली आणून ठेवल्या. हसनमियाँनी ते मशीन बघितलं होतं. ते रडत रडत सांगत होते, "मना वाटला तुमीच सांगितलाव असंल. मिशिन आला म्हनून मी खूश झालो." मशीन मागवणार असं माने साहेब त्यांच्यासमोरच बोलले होते. त्यांचा काय दोष?

चौकशी झाली. कंत्राटदार कंपनीनं निष्कर्ष काढला की सुपरवायझर अचानक ओरडल्यामुळे कामगार घाबरून पुढे गेला. हे मला आजही सहन होत नाही. श्रीपती घाबरला नव्हता. त्यानं हुकूम पाळला. भित्रा माणूस जागच्या जागी गोठला असता आणि घरी आला असता. मी हे चौकशीत तीनदा सांगितलं. दुभाष्यानं इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे, समोरचे लोक मान डोलवत होते. माने साहेबांनी कागदावर सही केली आणि पेन जागेवर ठेवलं.

केलरची बदली झाली. कुठल्या तरी दुसऱ्या देशात, जिथं नुकतंच युद्ध संपलं होतं, असं ऐकलं. दवाखान्याच्या दारावर संगमरवरी पाटी बसली. मदत करणाऱ्या देशांची नावं आहेत, सोनेरी अक्षरात. बाकी कोणाचं नाव नाही. दवाखाना मात्र सुरू झाला, हे खरं आहे आणि तेही सांगितलं पाहिजे. कोपरा नंतर चिलखती मशीननं साफ केला. सिस्टरनी पहिल्या बाळंतपणाचा निरोप आम्हाला कॅम्पवर पाठवला.

बॉडी घरी न्यायला पेटी हवी होती. युद्धानंतर कुवेतमध्ये लाकूड मिळत नव्हतं. हसनमियाँ राई नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या गॅरेजांमधून दिवसभर फिरले आणि शेवटी एका ओळखीच्या सुतारानं मदतीच्या मोठ्या खोक्यांच्या फळ्या काढून पेटी केली. आतून पत्रा बसवला. फळ्यांवरचे शिक्के त्यानं घासायचा प्रयत्न केला, पण शाई लाकडात उतरली होती.

पेटी घेऊन मी गेलो. माणमध्ये बाजरीची काढणी चालू होती. फौजी म्हणून गेला असता तर तिरंगा आला असता, बिगुल वाजला असता. हा कंत्राटी कामगार म्हणून गेला होता. टेम्पोतून पेटी उतरली तेव्हा श्रीपतीची बायको, आमच्या वहिनी, पुढे आल्या. त्यांनी फळीवर हात फिरवला आणि अक्षरांवर थांबवला.

"भावजी, ह्यावर काय लिवलंय?"

खोटं बोलता आलं असतं. त्याचं नाव आणि रँक आहे असं सांगता आलं असतं. पण त्यानं आयुष्यात जमिनीबद्दल कोणाला खोटं सांगितलं नव्हतं. मी वाचून दाखवलं, की अमुक देशाच्या जनतेकडून भेट, विक्रीसाठी नाही.

वहिनींनी बोटांनी ती अक्षरं पुन्हा चाचपली.

"भेट," त्या म्हणाल्या. "कुनी कुनाला दिली?"

मी पेटीच्या एका टोकाला हात घातला आणि गावातली माणसं पेटी उचलायला पुढे आली.

आम्ही टोळीतले सगळे अजून दर वर्षी बाजरी निघाली की श्रीपतीच्या शेतात जमतो. आता काठी टेकणारेच जास्त आहेत. मोकळ्या रानात ओळीत उभे राहतो. उजवीकडची शेवटची जागा रिकामी ठेवतो. मी त्या जागेच्या शेजारी उभा राहतो. माने साहेब 'दाहिने सज' देतात आणि आम्ही सगळे मान वळवून त्या रिकाम्या जागेकडे बघून ओळ सरळ करतो. मग 'धीरे चल'. वहिनी पलीकडच्या बांधावर उभ्या असतात. आम्ही खाली बघत ढेकळांतून चालत जातो. थम कोणी म्हणत नाही. बांध आला की ज्याचा तो थांबतो.